मुकुंदरावांचा रिकामा वाफा

एका नदीच्या वळणावर पाणमळा नावाचे एक उपनगर होते. तिथे मुकुंदराव पारगावकर नावाचे एक गृहस्थ राहत. गुलाबांवर त्यांचे फार प्रेम होते, आणि गुलाबांसाठी मिळणाऱ्या बक्षिसावर त्याहून थोडे अधिक.

पाणमळ्यात घरे होण्याआधी तिथे नुसती मळईची जमीन होती. उन्हाळ्यात पाणी ओसरले की लोक त्या गाळात कलिंगडे आणि काकड्या लावत. पावसाळ्यात नदी आपली जागा पुन्हा घेई. पुढे वरच्या अंगाला धरण झाले, पुराची भीती गेली, शहर वाढत वाढत नदीपाशी आले आणि मळईवर टुमदार बंगले उभे राहिले. नदी दिसते म्हणून लोकांनी तिथे हौसेने प्लॉट घेतले. राहायला आल्यावर मात्र नदीकडून चिखल येतो, साप येतात, डुकरे येतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग एकेकाने नदीच्या बाजूला भिंत घातली. भिंतीवरून नदी दिसत राहिली. खालून कोणी येईनासे झाले.

फक्त मुकुंदरावांच्या बागेला त्या बाजूने भिंत नव्हती, मेंदीचे कुंपण होते. त्यांना भिंत नको होती असे नाही. त्यांचे सारे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात, कालवे बांधण्यात गेले होते, आणि सरळ रेषेत बांधलेली कोणतीही गोष्ट त्यांना आवडे. दसरा झाला की भिंतीचे काम धरायचे, असे त्यांनी गवंड्याला सांगूनही ठेवले होते.

दर पौषात पाणमळ्यात पुष्पप्रदर्शन भरे. परीक्षक घरोघर फिरून बागा पाहत आणि सर्वांत सुंदर बागेला चांदीचा फिरता चषक देत. बरीच वर्षे तो चषक मुकुंदरावांकडे होता. गेल्या वर्षी तो शेजारच्या श्रीपादराव घळसासींकडे गेला. त्यांच्या दिवाणखान्यात शिरले की तो समोरच दिसे, म्हणून मुकुंदरावांनी त्यांच्याकडे चहाला जाणे कमी केले.

यंदा मात्र त्यांनी मोठी तयारी केली होती. गडद लाल, जवळजवळ काळपट रंगाच्या गुलाबाची कलमे त्यांनी लांबून मागवली होती. त्यांच्यासाठी बागेच्या मधोमध, नदीच्या बाजूला, एक वाफा तयार केला होता. माती चाळून घेतली, तीत बारीक वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळले. तो वाफा इतका भुसभुशीत झाला होता, की हात घातला तर मनगटापर्यंत आत जाई.

भाद्रपद संपत आला होता. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी उजाडता उजाडता मुकुंदराव चहाचा कप घेऊन बागेत आले, आणि वाफ्यापाशी थबकले. पोळपाटाएवढे एक कासव वाफ्यात बसून मागच्या पायांनी माती उकरत होते.

त्यांनी कप कट्ट्यावर ठेवला आणि घराच्या भिंतीला टेकवलेले फावडे उचलले. तेवढ्यात त्यांची पत्नी इंदुमतीबाई मागून आल्या.

“अहो, काय करताय?”

“उचलून नदीत टाकतो. सगळी माती विस्कटली बघ.”

“जरा थांबा. ती खायला नाही आलेली.”

दोघे तिथेच उभे राहिले. कासवी एक पाय खाली घालून ओंजळभर माती वर काढी, ती बाजूला ठेवी, मग दुसरा पाय घाली. आपण काय खणतो आहोत हे तिला दिसत नव्हते. मान नदीकडे होती आणि काम मागे चालले होते. खड्डा पुरेसा खोल झाल्यावर ती निश्चल बसली. थोड्या वेळाने लिंबाएवढे गोल, पांढरे अंडे खाली पडले. मग दुसरे. मग आणखी.

सगळी अंडी घालून झाल्यावर तिने माती परत लोटली आणि पोटाने दाबून ती जागा सारखी केली. मग मेंदीच्या बुंध्याशी जिथे दोन झाडांमध्ये फट होती, तिथून ती निघून गेली. तिने मागे वळून एकदाही पाहिले नाही.

“मऊ जमीन मीच करून ठेवली होती,” मुकुंदराव म्हणाले. त्यांना हसावे की चिडावे ते कळेना.

पलीकडच्या गल्लीत नीलाक्षी बागवे राहत. त्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. संध्याकाळी मुकुंदराव त्यांच्याकडे गेले आणि घडलेले सांगून म्हणाले, “एका घमेल्यात वाळू भरतो, अंडी अलगद उचलून त्यात ठेवतो आणि नदीकाठी नेऊन पुरतो. चालेल ना?”

“अवघड आहे,” नीलाक्षीबाई म्हणाल्या. “उचलताना अंडं फिरलं तर आतला जीव मरतो. आणि काठावर आता पुरण्यासारखी जागा तरी कुठे आहे? सगळीकडे राडारोडा पडलाय. जिथे मऊ माती आहे तिथे कुत्री असतात. पूर्वी कासवी या सगळ्या मळईत अंडी घालायच्या. आता भिंतींच्या कडेकडेनं फिरत राहतात. तुमच्याकडे फट सापडली म्हणून आत आली असणार.”

“बरं. मग पिल्लं किती दिवसांत बाहेर येतात?”

“या जातीला वेळ लागतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत.”

मुकुंदरावांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, “प्रदर्शन पौषात आहे.”

“ठाऊक आहे मला,” नीलाक्षीबाई म्हणाल्या. “मी तुम्हाला कासवाचं सांगितलं. बाग तुमची आहे, तेव्हा ठरवायचं तुम्हीच.”

दोन-चार दिवसांत कलमे आली. पाने तजेलदार होती, मुळांना ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. मुकुंदरावांनी ती वाफ्याशेजारी ओळीने मांडली आणि हातात फावडे घेऊन ते उभे राहिले. खड्डे खोल घ्यावे लागणार होते. अंडी नेमकी त्याच खोलीवर होती. अंडी घातलेली त्या दोघांशिवाय कोणी पाहिली नव्हती. फावडे चालवले असते तर कोणी जाब विचारला नसता. नीलाक्षीबाईही काही बोलल्या नसत्या.

इंदुमतीबाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मुकुंदराव त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, “एका कासवापायी मी वर्षभर वाफा रिकामा ठेवू?”

“वृंदा बाळंतपणाला आली होती तेव्हा तुम्ही किती महिने हॉलमध्ये झोपत होतात?” इंदुमतीबाईंनी विचारले.

“ती आपली मुलगी आहे. या घरात वाढलेली.”

“हो ना. मग हीही इथलीच. आपण तर हिच्यानंतर आलो.”

त्या पुन्हा शेंगा निवडू लागल्या.

मुकुंदराव बराच वेळ वाफ्याकडे पाहत राहिले. त्या कासवीने मागे वळून पाहिले नव्हते, हे त्यांना आठवत होते. कोणाच्या जिवावर ती अंडी ठेवून गेली, हे तिला माहीत नव्हते. त्यांना मात्र माहीत होते. त्यांनी फावडे ठेवले. कलमे एकेक उचलून घराच्या उत्तरेकडे नेली आणि कुंड्यांत लावली. तिथे ऊन कमी पडे. फुले चांगली येणार नाहीत हे त्यांना लावतानाच कळत होते. मग त्यांनी लोखंडी जाळीची एक टोपली वाफ्यावर उपडी घातली आणि कुत्र्यांनी हलवू नये म्हणून तिच्या कडेने दगड ठेवले.

दसरा झाल्यावर गवंडी आला. मुकुंदरावांनी त्याला सांगितले, “या वर्षी राहू दे.”

हे श्रीपादरावांच्या कानावर गेले. ते लगेच आले. माणूस तसा मोकळा, पण स्पष्ट बोलणारा.

“मुकुंदराव, सगळ्यांनी भिंती घातल्या आणि तुम्ही एकट्यानं मोकळं ठेवलंत, तर काय उपयोग? तुमच्याकडून आत आलेलं डुक्कर पुढच्या फाटकातनं माझ्या शेवंतीत घुसतं. साप आला तर तो काय तुमच्याचकडे थांबणार आहे?”

“फाटकाला खालून जाळी लावतो. ते माझं काम आहे, ते मी करीन,” मुकुंदराव म्हणाले. “पण भिंत आत्ता घालता येत नाही.” आणि त्यांनी श्रीपादरावांना वाफ्यापाशी नेऊन सगळे सांगितले.

श्रीपादराव आधी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग इतके हसले, की त्यांना कट्ट्यावर बसावे लागले. दुसऱ्या दिवसापासून ही गोष्ट पाणमळ्यात सगळ्यांना ठाऊक झाली. सकाळी फिरायला निघाले की कोणीतरी विचारीच, “काय मुकुंदराव, बाळंतीण बरी आहे ना?” पहिले काही दिवस मुकुंदरावांना राग येई. ते वेगळ्या रस्त्याने फिरू लागले. पण पाणमळ्यात फिरायला चांगला रस्ता तो एकच होता. मग ते परत त्याच वाटेने जाऊ लागले आणि कोणी विचारले की शांतपणे म्हणू लागले, “ती बरी आहे. बाळं अजून झोपली आहेत.” हळूहळू लोकांनी विचारणे सोडले.

पौषात परीक्षक आले. त्यांच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी सगळी बाग फिरून पाहिली. कुंड्यांतल्या काळपट लाल गुलाबांपाशी त्या वाकल्या. फुले होती, पण लहान, आणि देठ ऊन शोधत एका बाजूला कललेले. मग त्या मधल्या वाफ्यापाशी आल्या.

“ही मोक्याची जागा रिकामी का ठेवलीत?”

मुकुंदरावांना क्षणभर वाटले, सगळे सांगावे. कदाचित या बाईंचे मन विरघळेल. पण कासवाच्या नावाने गुण मागणे त्यांना बरे वाटले नाही.

“रिकामी नाही,” ते म्हणाले. “लावलंय. वर यायला वेळ आहे.”

बाईंनी जाळीकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि त्या पुढे गेल्या. चषक पुन्हा श्रीपादरावांनाच मिळाला. त्या दिवशी मुकुंदरावांचे जेवणात लक्ष नव्हते. आपण केले ते बरोबर केले, असे त्यांना वाटत होते. तरीही वाईट वाटत होते. इंदुमतीबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक गुळपोळी वाढली आणि विषय काढला नाही.

उन्हाळा आला. मोकाट कुत्र्यांना वाफ्याचा वास लागला. ती जाळी ओढू पाहत. एक मुंगूसही दुपारी येऊन दगडांच्या फटीत नाक खुपसून जाई. म्हणून मुकुंदराव सकाळ-संध्याकाळ आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसू लागले. एरवी त्यांनी नदी पाहिली होती ती वरच्या मजल्याच्या खिडकीतून. तिथून ती कालव्यासारखी दिसे. आता मेंदीच्या फटीतून ती त्यांना जवळून दिसू लागली. उथळ पाण्यात एक वंचक बगळा तासन्‌तास दगडासारखा उभा असे आणि मग एकाएकी मासा उचली. धीवर पक्षी पाण्यात सूर मारी. लव्हाळ्यात पाणकोंबडी आपल्या काळ्या पिल्लांना घेऊन फिरे. पलीकडच्या दरडीवर एक घोरपड ऊन खात पडलेली असे. पाणमळ्यात इतकी वर्षे राहून आपल्याला इतके शेजारी आहेत, हे त्यांना माहीत नव्हते.

एकदा काठावर कोणीतरी ट्रॉलीभर फुटक्या फरश्या टाकायला आले होते. मुकुंदराव कुंपणापलीकडे गेले आणि म्हणाले, “इथं नका टाकू. इथं राहतात.”

“कोण राहतं इथं?” चालकाने विचारले.

मुकुंदरावांनी त्याला बोटाने दाखवले. पाण्यातल्या खडकावर दोन कासवे माना वर करून बसली होती. चालकही थोडा वेळ पाहत राहिला. मग त्याने ट्रॉली मागे घेतली.

पावसाळा सुरू झाला. मुकुंदराव रोज सकाळी जाळी उचलून पाहू लागले. माती तशीच होती. आषाढ लागला, वाफ्यावर गवत उगवले, तरी काही हालचाल नाही. त्यांनी नीलाक्षीबाईंना बोलावून आणले.

“सगळीच अंडी फळतात असं नाही,” त्या म्हणाल्या. “उन्हाळा फार कडक होता. कदाचित आतल्या आत गेलीही असतील. पण खणून बघू नका. आणखी काही दिवस पाहा.”

त्या गेल्यावर इंदुमतीबाईंनी विचारले, “नाहीच आली पिल्लं, तर? चषक गेला, वर्ष गेलं. वाईट वाटेल का तुम्हाला?”

मुकुंदरावांनी विचार केला. “वाटेल,” ते म्हणाले. “पण जागा दिली याचं नाही वाटणार. जागा देणं माझ्या हातात होतं. पुढचं माझ्या हातात नव्हतं.”

त्यानंतर त्यांनी जाळी काढून ठेवली. पाऊस लागल्यापासून कुत्री येईनाशी झाली होती, आणि पिल्ले आलीच तर त्यांची वाट अडायला नको होती. रोज उठून पाहण्याची घाईही त्यांनी सोडली.

एका सकाळी दोन्ही बागांमधल्या भिंतीपलीकडून श्रीपादरावांची हाक आली.

“मुकुंदराव, जरा बाहेर या. सावकाश या. पायाखाली बघून या.”

श्रीपादराव स्टुलावर उभे राहून भिंतीवरून खाली पाहत होते. मुकुंदराव बाहेर आले. वाफ्याची माती मधोमध फुटली होती. तिच्यातून पेढ्याएवढी पिल्ले वर येत होती. अंगावर चिखल, डोळे जेमतेम उघडे. वर आले की प्रत्येक पिल्लू थोडे थांबे, मान इकडे-तिकडे करी आणि मेंदीच्या फटीकडे चालू लागे. मुकुंदराव ओल्या गवतात तसेच खाली बसले. इंदुमतीबाई येऊन त्यांच्याशेजारी बसल्या.

एक पिल्लू मात्र चुकले. ते श्रीपादरावांच्या भिंतीशी गेले. भिंतीला डोके लावून ते पुढे रेटू लागले. तिथून हटले, वीतभर सरकले, पुन्हा डोके लावले. पुन्हा सरकले. भिंत काही संपेना.

श्रीपादराव वरून ते पाहत होते. ते स्टुलावरून उतरले, फाटकातून फिरून आत आले आणि गुडघे दुखत असतानाही त्या पिल्लापाशी उकिडवे बसले. नीलाक्षीबाईंनी पिल्लांना हात लावू नका असे सांगितल्याचे मुकुंदरावांनी त्यांना हळूच सांगितले. मग श्रीपादरावांनी आपला तळहात जमिनीवर आडवा धरला आणि पिल्लाला नुसती दिशा दिली. पिल्लू वळले. ते फटीतून बाहेर पडेपर्यंत दोघे त्याच्यामागून रांगत गेले.

पिल्लू चिखलातून घसरत पाण्यात शिरले आणि दिसेनासे झाले.

“माझ्या नदीकडच्या भिंतीपाशीही येत असेल का हो एखादी?” श्रीपादरावांनी विचारले. “इतकी वर्षं?”

“येत असणार,” मुकुंदराव म्हणाले.

श्रीपादराव उठले. धोतराचा चिखल झटकायचेही त्यांना सुचले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावले आणि नदीकडच्या भिंतीच्या पायथ्याशी कासव जाईल एवढी मोकळी जागा ठेवून घेतली. डुक्कर शिरू नये म्हणून तिची उंची बेताची ठेवली. ते पाहून आणखी काही घरांनी तसे केले. काहींनी नाही केले. आपल्याकडे साप येतील असे त्यांना वाटत होते, आणि मुकुंदरावांनी त्यांच्याशी वाद घातला नाही.

श्रावणात कुंड्यांतली कलमे फोफावली. इंदुमतीबाई म्हणाल्या, “आता वाफा मोकळा झाला. या वेळी वेळेवर लावलीत, तर पौषापर्यंत छान फुलतील.”

मुकुंदरावांनी वाफ्यातले तण काढले, माती पुन्हा चाळली, वाळू मिसळली आणि वरून हात फिरवून ती सारखी केली. मग कुदळ-फावडे धुऊन जागेवर ठेवले.

“कलमं?” इंदुमतीबाईंनी विचारले.

“कुंड्यांत बरी आहेत,” मुकुंदराव म्हणाले. “भाद्रपद होऊन जाऊ दे. तोवर कोणी आलं, तर जागा असावी.”

तात्पर्य: आपण राहायला येण्याआधी जे तिथे राहत होते, त्यांना त्यांची जागा द्यावी, आणि त्यातून पुढे काय होईल याची अट न घालता द्यावी.